काउंटीच्या कारभारात शिरायचं कुठून? सांता क्लारा काउंटीचं उदाहरण घेऊन सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीतल्या सनीवेल शहरात बरीच वर्षं वास्तव्य, ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलंय, नागरिकत्व अजून लांब. घराचा टॅक्स काउंटीकडे भरतो, तर काउंटीच्या कारभारात भाग कसा घ्यायचा, आणि तिथे नोकरी मिळू शकते का? एच-१बीवर असलेल्या मित्रांना काय करता येईल, हेही विचारलंय.

आधी एक गोष्ट पक्की करू. काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डाच्या सभेत माइकसमोर मिळणारी दोन मिनिटं ही शेवटची पायरी आहे. बहुतेक लोक पहिल्यांदा तिथेच उगवतात आणि नंतर 'आमचं कुणी ऐकत नाही' म्हणून कायमचे घरी बसतात. तोवर तो विषय समितीत चर्चेला येऊन गेलेला असतो, खात्याचा अहवाल तयार असतो, काउंटीच्या वकिलांनी मसुदा वाचलेला असतो. तुमचं म्हणणं उपयोगी पडायचं असेल तर ते या साखळीत मागे, निदान दोन-तीन महिने आधी पोचायला हवं. पुढचं सगळं उत्तर याच हिशेबाने लिहिलंय.

काउंटीचं काम कोणतं, हे कळलं नाही तर पहिलाच फोन चुकीच्या ठिकाणी जातो. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला समजेल असं सांगायचं तर जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, सिव्हिल हॉस्पिटल, तुरुंग आणि निवडणूक शाखा एका छताखाली आणा आणि वर पाच निवडून आलेली माणसं बसवा. ही पाच माणसं म्हणजे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. सॅन फ्रान्सिस्को सोडली तर प्रत्येकीत पाचच सुपरवायझर असतात, मुदत चार वर्षं. नियम करणं आणि कारभारावर देखरेख ठेवणं ही दोन्ही कामं त्यांच्याकडेच. शेरीफ (पोलीस आणि तुरुंग), डिस्ट्रिक्ट अटर्नी (सरकारी वकील) आणि असेसर (मालमत्तेचं मूल्य ठरवणारा) वेगळे निवडून येतात, त्यामुळे बोर्ड त्यांचं बजेट ठरवतं पण त्यांना हुकूम सोडू शकत नाही.

सनीवेलच्या रस्त्यावरचा खड्डा, शेजाऱ्याचं बेकायदा बांधकाम, शहराचे पोलीस ही कामं सनीवेल सिटीची. शाळा स्कूल डिस्ट्रिक्टकडे, पाण्याचा घाऊक पुरवठा व्हॅली वॉटरकडे, बस आणि लाइट रेल व्हीटीएकडे, आणि या प्रत्येकाचं बोर्ड वेगळं. काउंटीकडे उरतं ते सार्वजनिक आरोग्य, काउंटीची इस्पितळं, तुरुंग, मेडी-कॅल (गरजूंचा आरोग्यविमा) आणि कॅलफ्रेश (अन्नासाठी मदत) यांची पात्रता तपासणं, निवडणुका, जमिनीची नोंदणी, मालमत्तेचं मूल्यांकन, लग्नाचे परवाने, रेस्टॉरंटची तपासणी आणि कुठल्याच शहरात न येणाऱ्या भागातले रस्ते व बांधकाम परवाने. काही एक्सप्रेसवेही काउंटीचेच आहेत, म्हणजे लॉरेन्स एक्सप्रेसवेवरच्या सिग्नलची तक्रार मात्र काउंटीकडे करायची. प्रॉपर्टी टॅक्स गोळा काउंटी करते, पण त्यातला मोठा वाटा शाळांना आणि शहरांना जातो. 'मी टॅक्स भरतो' हा मुद्दा सुपरवायझरपुढे फार चालत नाही, त्याचं कारण हेच.

आता कागदपत्रांच्या दर्जानुसार काय चालतं, काय नाही. हे नीट वाचा, कारण इथली चूक महागात पडते.

मतदार नोंदणी फक्त नागरिकांनी करायची. डीएमव्हीत, म्हणजे तिथल्या आरटीओत, लायसन्सचा फॉर्म भरताना किंवा बाजारात कुणी क्लिपबोर्ड पुढे केला म्हणून घाईत सही झाली, असं होतं. आपण नागरिक असल्याचा खोटा दावा ठरला तर ग्रीन कार्डही धोक्यात येतं, नागरिकत्वाचा अर्ज तर अडकतोच. चुकून नोंद झाली असेल तर मत न देता आधी इमिग्रेशन वकिलाकडे जा. ज्युरी ड्यूटीचं पत्र नागरिक नसलेल्यांनाही येतं. ते फेकून देऊ नका, 'नागरिक नाही' हा पर्याय भरून परत पाठवा.

देणगीचा नियम लोकांना माहीत नसतो. संघीय कायद्याने परदेशी नागरिकाला अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत, म्हणजे सुपरवायझरच्या किंवा स्कूल बोर्डाच्या निवडणुकीतही, पैसे देता येत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना देता येतात. एच-१बी, एच-४, एफ-१ वाल्यांना नाही, अगदी फंडरेझरचं वीस डॉलरचं तिकीटसुद्धा नाही. मोबदला न घेता प्रचारात हातभार लावणं मात्र चालतं.

उरलेलं बहुतेक सगळं सर्वांना खुलं आहे. सभेत बोलणं, सुपरवायझरच्या ऑफिसात भेट मागणं, कागदपत्रं मागणं, मतमोजणी पाहायला जाणं, यातल्या कशालाही नागरिकत्व लागत नाही. सगळ्यात मोठं दार २०२० पासून उघडलं. १८ वर्षांवरचा कॅलिफोर्नियाचा कुठलाही रहिवासी, नागरिकत्व किंवा व्हिसा काहीही असो, नियुक्तीच्या पदांवर बसू शकतो. मानधनाबाबत कायद्याची अट एवढीच की संघीय कायदा ते घेण्यापासून तुम्हाला रोखत नसावा. ग्रीन कार्डवर अडचण नाही. एच-१बीवर असाल आणि आयोग दर बैठकीला पैसे देत असेल, तर ते नाकारायचे की कसं, हे पद घेण्याआधी वकिलाला विचारा.

म्हणजे तुमच्यासाठी पहिलं खरं दार आयोगांचं. काउंटीत सल्लागार मंडळं आणि आयोग बरेच असतात: नियोजन, उद्यानं, ज्येष्ठ नागरिक, मानवी संबंध, महिला, मानसिक आरोग्य. प्रत्येक स्थानिक संस्थेने दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत पुढच्या वर्षी संपणाऱ्या नियुक्त्यांची यादी लावायची असते. मधेच जागा रिकामी झाली तर वीस दिवसांत सूचना लावायची आणि त्यानंतर निदान कामाचे दहा दिवस कायमची नेमणूक करायची नाही, असा राज्याचा कायदा आहे. जानेवारीत क्लर्क ऑफ द बोर्डच्या, म्हणजे बोर्डाच्या सचिवालयाच्या, वेब पानावर ती यादी उघडा आणि तुमच्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तुमच्या सुपरवायझरच्या मतदारसंघाच्या, जागा वेगळ्या काढा. अनेक जागा एकेका सुपरवायझरच्या वाट्याच्या असतात. दुसऱ्याच डिस्ट्रिक्टच्या जागेवर अर्ज करून महिनोन्‌महिने वाट पाहणारे लोक कमी नाहीत. अर्ज करण्याआधी त्या आयोगाच्या गेल्या सहा बैठकांची इतिवृत्तं वाचा आणि निदान एका बैठकीला जाऊन बसा.

अर्जातला 'का' हा रकाना निर्णायक. 'समाजाचं ऋण फेडायचंय' हे वाक्य सगळेच लिहितात, त्यावर सुपरवायझरचा सहायक पुढे काय विचारणार? 'तुमच्या आयोगाने मार्चमध्ये अ‍ॅडल्ट डे केअरच्या प्रतीक्षायादीबद्दल चर्चा केली, मी सात वर्षं इस्पितळांच्या डेटावर काम करतो, त्या आकड्यांत हात घालू शकतो' असं लिहिलं तर फोन येतो. मानसिक आरोग्याच्या मंडळाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे निम्म्या जागा स्वतः सेवा घेणाऱ्यांसाठी किंवा त्यांच्या कुटुंबीयांसाठी राखीव ठेवाव्या लागतात. आपल्या लोकांत हा विषय दारं बंद करून बोलला जातो, त्यामुळे तिथे मराठी घरातून कुणी गेलं तर त्या माहितीला किंमत आहे.

नेमणूक झाल्यावर काही आयोगांत फॉर्म ७०० भरावा लागतो, म्हणजे आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करणं. पहिला रुजू झाल्यापासून तीस दिवसांत, मग दर वर्षी १ एप्रिलपर्यंत, आणि पद सोडल्यावर पुन्हा तीस दिवसांत. शेअर, स्टार्टअपमधला हिस्सा, भाड्याने दिलेली जागा यातलं काय लिहायचं ते त्या पदाच्या नियमावर ठरतं. हा फॉर्म सार्वजनिक असतो, हे घरच्यांना आधी सांगा. नीतिनियमांचं प्रशिक्षण ज्यांना लागू आहे त्यांना दर दोन वर्षांनी दोन तास, ऑनलाइन होतं.

गाडी अडते ती बहुधा हजेरीवर. नऊ जणांच्या आयोगात पाच हजर नसले तर बैठक रद्द होते आणि खात्याच्या माणसांची महिन्याभराची तयारी वाया जाते. डिसेंबरात सहा आठवडे भारतात जाणाऱ्यांना वाटतं, पुण्यातून झूमवर बसू. उघड्या सभांच्या कायद्याचा, म्हणजे ब्राउन अ‍ॅक्टचा, मूळ नियम असा की सदस्य लांबून बसणार असेल तर त्या जागेचा पत्ता अजेंड्यावर छापायचा, तिथेही अजेंडा लावायचा, आणि ती जागा लोकांसाठी खुली ठेवायची. म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटचा पत्ता जाहीर करून दार उघडं ठेवायचं. सवलती आहेत, पण अटींना बांधलेल्या. तेव्हा तिकीट काढण्याआधी आयोगाचं वर्षाचं कॅलेंडर पाहा.

ब्राउन अ‍ॅक्ट हे नाव वारंवार कानावर पडेल. १९५३ चा हा कायदा सगळ्या स्थानिक संस्थांच्या सभा उघड्या ठेवतो. नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी, विशेष सभेचा २४ तास आधी लावावा लागतो, आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. पाचांतले तिघे म्हणजे बहुमत, म्हणून तिघांनी सभेबाहेर काउंटीच्या विषयावर बोलायचं नाही. बोर्डाच्या समित्या दोन-दोन सुपरवायझरच्या असतात त्या याच कारणाने. यात नागरिकाच्या हातूनही चूक होते. एका सुपरवायझरला भेटलात, त्यांचा होकार मिळाला, दुसऱ्यांनाही पटलं, आणि तिसऱ्यांकडे जाऊन तुम्ही उत्साहाने म्हणालात, 'त्या दोघांचं मत पक्कं आहे.' झालं, तुम्ही निरोप्या बनून साखळी सभा घडवलीत. प्रत्येकाला फक्त आपलं म्हणणं सांगा, दुसऱ्याचं मत पोचवू नका.

आता सभा. सांता क्लाराचं बोर्ड मंगळवारी सॅन होजेत वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या काउंटीच्या इमारतीत बसतं. अजेंड्यातल्या प्रत्येक विषयाला खात्याचा अहवाल जोडलेला असतो. सगळा वाचायची गरज नाही. शिफारस काय, खर्चाचा परिणाम काय, आणि मंजूर न केल्यास काय होईल, हे तीन भाग आधी वाचा. पैसा जनरल फंडातून, म्हणजे काउंटीच्या मोकळ्या तिजोरीतून, आहे की राज्याच्या अनुदानातून, हे खर्चाच्या भागात कळतं. अनुदानाचा असेल तर 'हा पैसा दुसरीकडे वापरा' म्हणण्यात अर्थ नाही, तो बांधलेला असतो.

बरेच विषय कन्सेंट कॅलेंडरवर असतात आणि एकाच मतदानात मंजूर होतात. तुमचा विषय तिथे लपला असेल तर आदल्या दिवशी सुपरवायझरच्या ऑफिसला ईमेल करून तो बाहेर काढायला सांगा. सभा सुरू झाल्यावर हात वर करणाऱ्याला बोलायची संधी मिळते, विषय बाहेर येईलच असं नाही.

बोलायची वेळ अध्यक्ष ठरवतात, गर्दी पाहून एक ते तीन मिनिटं. दोन मिनिटांत सव्वादोनशे शब्दांच्या वर जाऊ नका. विषय क्रमांक, तुमची मागणी, एक आकडा किंवा एक प्रसंग, पुन्हा मागणी. आभारप्रदर्शनात वीस सेकंद जातात, ते टाळा. नाव सांगणं सक्तीचं नाही. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे दुभाष्याच्या मदतीने बोलणाऱ्याला निदान दुप्पट वेळ द्यावा, असं कायदाच म्हणतो. एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा असेल तरच याला अपवाद. ज्येष्ठांच्या सेवांवर विषय असेल आणि आजींना इंग्रजी जमत नसेल, तर त्यांना मराठीतच बोलू द्या. दुभाषी हवा असल्यास क्लर्कच्या ऑफिसला काही दिवस आधी कळवा. मराठीचा दुभाषी आयत्या वेळी मिळत नाही.

पैशाची मागणी असेल तर कॅलेंडर आणखी कडक. आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. प्रशासनाचा प्रस्तावित अर्थसंकल्प मेच्या सुरुवातीला येतो, मेमध्ये त्यावर बैठका, जूनमध्ये सुनावण्या आणि मंजुरी. खाती आपल्या मागण्या हिवाळ्यात लिहितात. जूनच्या सुनावणीत पहिल्यांदा मागणी करणाऱ्याला सहानुभूती मिळते, रक्कम मिळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संबंधित खात्याच्या माणसाला भेटा, जानेवारीत समितीत बोला, मार्चमध्ये सुपरवायझरच्या सहायकाकडे एका पानाचं टिपण द्या, ज्यात रक्कम, कोणासाठी आणि किती काळ हे लिहिलेलं असेल. हे सहायक तरुण असतात, म्हणून लोक त्यांना किरकोळ समजतात. सुपरवायझरच्या टेबलावर कोणता कागद जाईल ते हेच ठरवतात.

सध्या पैशाची तंगी आहे, हेही लक्षात ठेवा. जुलै २०२५ मधल्या संघीय कायद्याने मेडिकेडला (मेडी-कॅल हे त्याचंच कॅलिफोर्नियातलं नाव) कात्री लागली, आणि मोठी सार्वजनिक इस्पितळं चालवणाऱ्या काउंटीला तो फटका थेट बसतो. म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांनी पाच वर्षांसाठी विक्रीकर ०.६२५ टक्क्याने वाढवायला मंजुरी दिली.

कागद मागायचे असतील तर पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट आहे. माहिती अधिकार वापरलेल्याला तो परका वाटणार नाही, आणि चुकाही त्याच होतात: लोक कागदाऐवजी प्रश्न विचारतात. 'हे कंत्राट का दिलं?' याला उत्तर देणं बंधनकारक नाही. 'अमुक कंत्राटाची प्रत, निविदांचे गुणपत्रक आणि जानेवारी ते मार्चमधली बिलं' ही मागणी बरोबर. दहा दिवसांत त्यांनी सांगायचं असतं ते कागद देण्याजोगे आहेत की नाही एवढंच, आणि ही मुदत चौदा दिवसांनी वाढू शकते. कागद प्रत्यक्ष हातात पडायला जास्त वेळ लागतो, म्हणून मागणी छोटी ठेवा.

निवडणुकीचं काम हा काउंटीची आतली घडण पाहायचा सोपा मार्ग. कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डधारक मतदान केंद्रावर काम करू शकतात, आणि १६ वर्षांवरची हायस्कूलची मुलंही, शाळेतली गुणांची सरासरी (जीपीए) २.५ असेल आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असतील तर. दोन्ही कामांना मानधन आहे. हिंदी बोलता येत असेल तर अर्जात जरूर लिहा. एच-१बीवाल्यांनी हे काम घेऊ नये, पण मतपत्रिकांची प्रक्रिया आणि एक टक्का हातमोजणी (यंत्राची मोजणी पडताळायला हाताने केलेली) पाहायला निरीक्षक म्हणून कुणीही जाऊ शकतं. नागरिक झाल्यावर सिव्हिल ग्रँड ज्युरीचा, म्हणजे सामान्य नागरिकांच्या चौकशी मंडळाचा, विचार करा. १९ जण, १ जुलैपासून वर्षभर, काउंटीतल्या कुठल्याही सरकारी संस्थेची चौकशी. त्यांच्या अहवालाला निवडून आलेल्या अधिकाऱ्याने साठ दिवसांत आणि बोर्डाने नव्वद दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. काम भरपूर असतं, त्यामुळे निवृत्त लोकच जास्त दिसतात. निवडणूक लढवायची तर नागरिकत्व हवं, आणि सुरुवात बहुधा स्कूल बोर्डापासून होते. नागपूरच्या स्वाती दांडेकर आयोवात आधी स्कूल बोर्डावर होत्या, २००२ मध्ये तिथल्या विधिमंडळावर निवडून आल्या.

राहिली नोकरी. बऱ्याच पदांना नागरिकत्व लागत नाही, काम करण्याची परवानगी लागते. एच-१बी व्हिसाच्या कोट्यातून काउंटी निव्वळ सरकारी आहे म्हणून सुटत नाही, आणि प्रायोजकत्व देणारी पदं थोडी. ग्रीन कार्डवर तुम्ही मोकळे आहात.

जाहिराती गव्हर्नमेंटजॉब्स या संकेतस्थळावर येतात. खासगी कंपनीत रेझ्युमे चालतो, इथे चालतो तो अर्ज. पात्रतेची छाननी करणारा माणूस जाहिरातीतली प्रत्येक अट अर्जात शोधतो, आणि न सापडल्यास बाद करतो, तुम्ही कितीही हुशार असा. पूरक प्रश्नावलीत 'रेझ्युमे पाहा' लिहिणं म्हणजे स्वतःहून बाहेर पडणं. प्रत्येक उत्तरात काम कुठे केलं, किती काळ, आठवड्याला किती तास, कोणती साधनं वापरली, निष्पन्न काय, हे लिहा. भारतातली पदवी असेल तर मान्यताप्राप्त संस्थेकडून तिचं मूल्यांकन जाहिरात येण्याआधी करून ठेवा. अर्जाची मुदत कधी दोन आठवडेही नसते आणि मूल्यांकनाला त्याहून जास्त वेळ जातो.

छाननीनंतर परीक्षा किंवा अर्जाचेच गुण, मग पात्र उमेदवारांची यादी, त्यातून खात्याची मुलाखत, सशर्त ऑफर, बोटांचे ठसे, काही पदांना वैद्यकीय तपासणी. तीन ते सहा महिने धरून चाला. मुलाखतीत तीन-चार जण ठरलेले प्रश्न वाचतात, चेहऱ्यावर काही न दाखवता लिहून घेतात आणि गुण देतात. त्यामुळे गप्पांच्या सुरात उत्तर देऊ नका, प्रश्नातला एकेक भाग घेऊन उत्तर द्या. यादी काही महिने जिवंत राहते, दुसरं खातं त्याच यादीतून बोलावू शकतं, म्हणून पहिल्या नकाराने नाव काढून घेऊ नका.

टेकमधून येणाऱ्यांची गफलत अशी की ते थेट व्यवस्थापकाच्या पदावर अर्ज करतात. मॅनेजमेंट अ‍ॅनालिस्ट किंवा त्याखालचं पद घेऊन शिरलात तर आतल्या बढतीच्या जाहिराती खुल्या होतात, त्या बाहेरच्यांना दिसतही नाहीत. एक्स्ट्रा हेल्प ही तात्पुरती नोकरी लवकर मिळते, पण तिच्यात हक्क कमी आणि कायम होण्याची हमी नाही. निवडणुकीच्या काळात रजिस्ट्रारकडे, म्हणजे काउंटीच्या निवडणूक कार्यालयात, अशी भरती होते.

पगार पायऱ्यांनी वाढतो आणि बाजारापेक्षा कमी असतो. भरपाई पेन्शनमध्ये आहे. १ जानेवारी २०१३ पासून रुजू झालेल्यांना सर्वसाधारणपणे ६२ व्या वर्षी सेवेच्या प्रत्येक वर्षाला पगाराच्या दोन टक्के, म्हणजे दहा वर्षं केली तर वीस टक्के, आणि हक्क पाच वर्षांनी लागू होतो. पन्नाशीत येणाऱ्यानेही हा हिशेब मांडून पाहावा. रुजू होताना आणखी एक कागद पुढे येईल: कॅलिफोर्नियात सरकारी कर्मचारी आपत्तीच्या वेळी मदतनीस मानले जातात आणि त्यासाठी निष्ठेची शपथ घेतात. कायद्याने नोकरीत असलेले परदेशी नागरिक त्यातून वगळलेले आहेत. तेव्हा ग्रीन कार्डवर असाल तर तो कागद सवयीने सही करून परत देऊ नका, आपण नागरिक नाही हे एचआरला सांगा.